पुसून ठेवलेली पत्रावळ

मी नगरकडची. मिशनच्या दवाखान्यात नर्स झाले आणि तिथल्याच डॉक्टर मडमबरोबर निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात कामाला गेले. मडम सातासमुद्रापलीकडून आलेली, तरी परमुलखात आल्यासारखं वाटलं ते मलाच. मनमाडला गाडी बदलली की निजामाची मोगलाई सुरू. नाणी वेगळी, पाट्या उर्दूत, आणि करोडगिरीच्या नाक्यावरच्या शिपायाने जकातीच्या नावाखाली औषधांची पेटी अशी उलथीपालथी केली की टिंक्चरची बाटलीच फुटली. मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. मडम म्हणाली, "भगिनी, शांत व्हा." मडमचं मराठी पुस्तकातलं होतं, माझा स्वभाव काही पुस्तकातला नव्हता.

जिंतूरच्या वाटेवर एका गावाबाहेर चिंचेखाली आम्ही तंबू ठोकला. थंडीचे दिवस होते, ज्वारी हुरड्यात आलेली. सकाळी औषधं, संध्याकाळी प्रार्थना आणि भजनं. गर्दी व्हायची ती बहुतेक मडमचे पिवळे केस बघायला. पोरांचे डोळे, खरूज, गळवं लोक दाखवायचे, पण पोटात घ्यायचं औषध कुणी घेईना. किरिस्तावांचं औषध पोटात गेलं की माणूस बाटतो, अशी बोलवा होती.

तिथंच ओढ्यावर पाण्याला येणारी एक पोरसवदा सून माझ्या नजरेत भरली. घर मेंढपाळाचं. दिवस भरत आलेले, तोंड सुजलेलं, पावलं अशी फुगलेली की पायातली जोडवी रुतून बसली होती. मी जवळ जाऊन विचारलं, तर हळूच म्हणाली, "डोकं लय दुखायलंय बाई. डोळ्याम्होरं काजवे दिसायलेत."

अशा बाईला बाळंतपणात झटके येतात. मग आईही जाते आणि मूलही जातं. मी ते दवाखान्यात डोळ्यांनी पाहिलं होतं. मडमला सांगितलं, तशी ती पेटी उचलून निघालीच.

घर गावाच्या कडेला होतं. काट्यांच्या कुंपणात शेळ्या, शेजारी कुडाचं खोपट. सासरा आणि नवरा मेंढरं घेऊन लांब चराईला गेलेले, त्यामुळे घरात शब्द चालायचा तो सासूचा. बाई अंगाने काटक, नजरेने त्याहून काटक. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बगा की. पर आदी जेवा."

आता मडमचा एक नियम होता. गरिबाच्या घरचं काही घ्यायचं नाही, आपला भार कुणावर टाकायचा नाही. नियम चांगलाच होता, पण नको तिथे आडवा आला. मडम गोड हसून म्हणाली, "आभारी आहे, आई. आम्हांस भूक नाही."

सासूचा चेहरा बंद झाला. "मंग जा तुमी. माझ्या घरचं ज्याच्या पोटात गेलं न्हाई, त्याच्या हातात माझी सून कशी देऊ?"

मी मडमला बाजूला घेतलं. "आज नियम तंबूत ठेवा," म्हटलं. मग सासूकडे वळले. "मावशी, जेवतो आम्ही. पण आधी ऐकून घ्या. आम्ही किरिस्ताव आणि माझे आजोबा महारवाड्यातले." लपूनछपून जेवायची मला सवय नव्हती. आत वळून तिनं सुनेकडे पाहिलं आणि म्हणाली, "अंगणात बसा."

पळसाच्या दोन पत्रावळी तिनं लांबूनच सरकवल्या. पाणी वरून ओतलं, भाकरी वरून टाकली. मला राग आला, खोटं कशाला बोलू? असं वाढून घेणं माझ्या आजोबांच्या अंगवळणी पडलं होतं, माझ्या नाही. पण दाराआड ती पोर कपाळ दाबत बसलेली दिसत होती. मी राग भाकरीबरोबर गिळला.

ज्वारीची भाकरी, भाजल्या धान्याच्या येसराची झणझणीत आमटी, कारळाची चटणी आणि शेळीच्या दुधातल्या कण्या. मडमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती जेवत होती. लहानपणी तिला शिकवलेलं, की पानात काही टाकायचं नाही. म्हणून तिनं भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने पत्रावळ पुसून लख्ख केली. आमच्याकडे पाहुण्याचं पान रिकामं दिसलं की तो अजून भुकेला आहे असं धरतात. पानावर हात आडवा धरून "बास" म्हणायचं असतं. सासूनं लगेच दुसरी भाकरी वाढली. मडमनं तीही संपवली आणि पत्रावळ पुन्हा पुसली. पुन्हा भाकरी आली. मी इंग्रजीत कुजबुजले, थोडं पानात राहू द्या. तर ही मोठ्यानं आणि मराठीत म्हणते, "छे, अन्न वाया घालविणे पाप आहे!" सासू खूश झाली आणि तिनं उरलेल्या कण्याही ओतल्या.

आत उलथन्यानं रिकामं भांडं खरवडल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे मला उमगलं. सासूच्या आणि सुनेच्या वाटचंही आम्ही फस्त केलं होतं. मडम घामाघूम, तोंड लालभडक, आणि तरी पत्रावळ पुसतेय! दाराआडून खुदकन हसू ऐकू आलं. सून हसत होती. त्या सुजलेल्या चेहऱ्यावर हसू मी पहिल्यांदाच पाहिलं.

"अशी पोटभर माझ्या दारात कुणी पावनी जेवली न्हाई," सासू म्हणाली. मग दारातून बाजूला झाली. "या आत. बगा तिला."

तंबू हलवायचा दिवस उलटला, मडम हलली नाही. सुनेला अंधारात निजवून ठेवलं, मीठ तोडलं, औषध सुरू केलं. कळा सुरू झाल्या त्या एका पहाटे. एक झटका आलाच. मी तिच्या दातांत घडी केलेलं फडकं धरलं, मडमनं सुई टोचली, आणि सासूनं भीतीनं माझं मनगट असं आवळलं की वळ उठले. शिवाशीव तेव्हा तिच्याही डोक्यात नव्हती, माझ्याही नाही. उन्हं कलायच्या आत मुलगी झाली आणि रडली. आई शुद्धीवर आली. सासू आधी रडली, मग मलाच ओरडली, "बाई, कामून रडायल्यात तुमी?"

मी बाहेर तीन दगडांवर आमचा चहा टाकला आणि कप तिच्यापुढे केला. ती मागे सरकली. "ऱ्हाऊ द्या." मनगट धरलेलं चाललं, चहा चालेना! इतकं लागलं मला की तो चहा मी अंगणात ओतून दिला.

आम्ही निघायच्या सकाळी चिंचेखाली अर्धं गाव जमलं होतं. त्यातून वाट काढत सासू आली. काखेत पळसाची पत्रावळ होती, तिनं स्वतःच टाचून आणलेली. तंबूच्या दाराशी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तिनं मांडी घातली आणि पत्रावळ पुढे मांडली.

"बाई, भूक लागली. वाढा."

एक म्हातारा उठून चालायला लागला, त्याच्यामागून आणखी काहीजण. भावकी काय करील हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक होतं. तिनं मागे वळून पाहिलं नाही. मी माझ्या हातची भाकरी तिच्या हातात दिली, वरून टाकली नाही. पिठलं वाढलं. तिनं सावकाश खाल्लं, शेवटच्या तुकड्यानं पत्रावळ लख्ख पुसली आणि पानावर हात आडवा न धरता माझ्याकडे पाहत बसून राहिली.

"वाया घालवनं पाप हाय म्हनं," ती म्हणाली.

मी तिला दुसरी भाकरी वाढली.