घारीचे दात आणि मामांची गोळी

दात कोरून पोट भरत नाही, असं आपण म्हणतो. माझ्या मामांचं मात्र चाळीस वर्षं दातांवरच भरलं. ते कवळ्या बनवायचे. चार-पाच दंतवैद्य त्यांच्याकडे रुग्णांच्या जबड्यांची मापं पाठवायचे. मामा घराच्या मागच्या खोलीत त्यावरून प्लॅस्टरचे साचे ओतायचे, मेणात एकेक दात बसवायचे, गुलाबी हिरड्या घडवून घासून-पुसून चकचकीत करायचे. त्या खोलीत सगळ्यावर पांढऱ्या भुकटीचा थर असे, मामांच्या भुवयांवरसुद्धा.

माणसाशी बोलताना ते डोळ्यांकडे बघत नसत, तोंडाकडे बघत. माझे साहेब एकदा घरी आले होते. मामांनी त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, "खालची डावी दाढ काढलीत ना? त्या बाजूनं चावत नाही तुम्ही." साहेब तासभर बसले, पण तोंड उघडून हसले नाहीत.

मी तेव्हा नोकरीसाठी मामांकडे राहत होते. घरात आम्ही तिघं आणि घारी. घारी म्हणजे मांजर. बारा वर्षांची, राखाडी, घाऱ्या डोळ्यांची. मामी शाळांचे गणवेश शिवायची आणि घारी तिच्या शिलाई मशीनशेजारी, चिंध्यांच्या खोक्यात झोपायची. मामीला मूलबाळ नव्हतं. तिच्यासमोर घारीला कुणी 'ते मांजर' म्हटलेलं तिला चालत नसे.

त्या वर्षी घारीचं खाणं कमी झालं. ताटलीपाशी जायची, हुंगायची, एखादा तुकडा उचलून लगेच टाकायची.

"बाईसाहेबांचे नखरे वाढलेत," मामी म्हणायची आणि मासा आणखी मऊ शिजवून द्यायची. पाणी मात्र घारी सारखी पीत होती. उकाडा आहे, असं आम्ही म्हणालो. तोंडाला वास येत होता. वय झालं, असं म्हणालो. प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे उत्तर तयार होतं.

चाळीस वर्षं लोकांची तोंडं वाचणाऱ्या माणसानं घरातल्या मांजराच्या तोंडात कधी डोकावून पाहिलं नव्हतं. एका शनिवारी दुपारी पाहिलं. मामी कपडे पोचवायला गेली होती, मी ऑफिसात. मामांनी घारीला टॉवेलात गुंडाळलं, कामाचा दिवा जवळ ओढला आणि अंगठ्यानं तिचा ओठ वर केला. पुढचं सगळं त्यांनी मला नंतर सांगितलं. हिरड्या लालभडक, दाढांवर तपकिरी दगडासारखा थर, एक सुळा हलणारा. बोट लागताच घारी अशी किंचाळली की त्यांच्या हातातून सुटून कपाटावर गेली.

दाढदुखी म्हणजे काय, हे मामांना सांगायची गरज नव्हती. वाकून काम करून त्यांची पाठ धरायची, त्यासाठीच्या गोळ्यांची पट्टी कायम शर्टाच्या खिशात असायची. त्यांनी एका गोळीचे चार तुकडे केले, एक कुटून माशाच्या पाण्यात कालवला. संध्याकाळी घारी खरंच थोडं खायला लागली. मामांचा जीव भांड्यात पडला. रविवारी सकाळी दुसरा तुकडा दिला, संध्याकाळी तिसरा. मामीला सांगितलं नाही. 'स्वतःच डॉक्टर झालात का' हे ऐकून घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

सोमवारी सकाळी घारी चिंध्यांच्या खोक्यात नव्हती. न्हाणीघरात, बादलीच्या मागे, पाठ कमानीसारखी करून बसली होती. समोर तीन ठिकाणी उलटी. एकीत कॉफीच्या चोथ्यासारखे काळपट कण. मामीनं उचललं तर अंग सैल, मान खांद्यावर.

"अहो!" मामी ओरडली. "अहो, हिच्यात जीव नाही!"

जीव होता, पण बेताचाच. मी रजा टाकली, वेताची टोपली घेतली आणि आम्ही तिघं प्राण्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाई तरुण होत्या, केस घट्ट बांधलेले, बोलणं तुटक. त्यांनी घारीच्या मानेची कातडी चिमटीत उचलून सोडली. ती जागेवर परत जायला वेळ लागला. मग तोंड उघडून पाहिलं आणि भुवया वर गेल्या.

"हे तोंड आजचं नाही. वर्षानुवर्षांचं आहे." त्यांनी मामीकडे पाहिलं. "काही औषध दिलं होतं का? घरातलं काही? उंदराचं विष, कुंडीतलं झाड, काहीही?"

"छे हो," मामी म्हणाली. "मासा आणि पाणी. दुसरं काही नाही."

मी सहज मामांकडे पाहिलं. मामा भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होते. त्यांचा हात शर्टाच्या खिशावर होता, छातीत कळ आल्यासारखा.

डॉक्टरबाईंनी रक्त काढलं, कातडीखाली थोडं सलाईन दिलं, उलटी थांबवायचं इंजेक्शन दिलं. "तोंडातला संसर्ग पोटात गेला असावा. रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी येईल. तोवर घरी ठेवा. मी फोन करते."

मामीनं घारीला टोपलीत ठेवलं. मी दार उघडून धरलं. मामी बाहेर पडली, तिच्या मागोमाग मी. मामा दारापर्यंत आले आणि तिथूनच परत फिरले. वळून पाहिलं तर ते तपासणीच्या टेबलाजवळ उभे होते, दातखीळ बसल्यासारखे.

"अहो, चला ना!" मामी म्हणाली.

मामांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढली आणि टेबलावर ठेवली.

"ही दिली मी. पाव पाव. तीनदा."

डॉक्टरबाईंनी पट्टी उलटी करून नाव वाचलं. पुढच्याच क्षणी त्या टोपलीकडे धावल्या. "शेवटची कधी?"

"काल संध्याकाळी. सातला."

"आणि पहिली?"

"शनिवारी दुपारी. तिला दुखत होतं, डॉक्टर. मला वाटलं..."

"वाटलं ते नंतर सांगा." त्यांनी आतल्या माणसाला हाक मारून शिरेतून सलाईन लावायची तयारी करायला सांगितली. मग आमच्याकडे न बघता, घारीच्या पायावरचे केस कापत बोलत राहिल्या. "माणसाचं शरीर ही गोळी पचवून बाहेर टाकतं. मांजराला ते जमत नाही. पोटात व्रण पडतात, किडनीचा रक्तपुरवठा आवळला जातो. घरी नेली असती तर संध्याकाळी रिपोर्ट बघून मी फोन केला असता, आणि तोवर..."

मामी टोपलीचं झाकण हातात धरून उभी होती. ती मामांकडे पाहत होती. रागानं नाही, अनोळखी माणसाकडे पाहावं तसं. ते जास्त वाईट होतं.

तीन दिवस घारी दवाखान्यात होती. रक्तात क्रिएटिनिन नावाचा एक आकडा असतो. किडनीचं काम कमी झालं की तो चढतो. पहिल्या दिवशी तो होता चार पूर्णांक आठ. दोनच्या आत असायला हवा, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पाच पूर्णांक एक. त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. तिसऱ्या दिवशी तो चारवर आला, तेव्हा मी पाव आणला आणि आम्ही तो उभ्याउभ्याच खाल्ला.

त्या दिवसापासून मामी मामांशी एक शब्द बोलली नाही. सगळं माझ्यामार्फत. "तुझ्या मामांना विचार, दिवा घालवू का." मामा समोरच बसलेले. मी विचारायची, मामा मान हलवायचे, मी सांगायची, मामी दिवा घालवायची. हसू यायला हवं होतं. आलं नाही.

मामा कामाला बसत, पण दात चुकीचे बसवत. एका कवळीत त्यांनी उजवा सुळा डावीकडे लावला. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. स्वतःच्या लक्षात आल्यावर मेण वितळवून सगळं पुन्हा केलं. "माहीत होतं ते चुकलं असतं तर गोष्ट वेगळी," मला म्हणाले. "मी मला माहीत नसलेलं केलं. तेही चोरून."

चौथ्या दिवशी डॉक्टरबाईंनी आम्हाला बसवून सोनोग्राफीची चित्रं दाखवली. किडन्या लहान आणि खडबडीत झाल्या होत्या. "हे तीन दिवसांत होत नाही," त्या म्हणाल्या. "किडनीचा आजार आधीपासून आहे. सारखी पाणी पीत होती ना? गोळीनं दुखत्या जागेवर घाव घातला, पण दुखती जागा जुनी आहे."

"दातांमुळे झालं का?" मामांनी विचारलं. त्यांच्या आवाजात मला आशा ऐकू आली. दोषात कुणीतरी वाटेकरी मिळावा अशी.

डॉक्टरबाईंनी चित्रं बाजूला ठेवली. "हिरड्या सडलेल्या असतात तेव्हा तिथले जंतू आणि सूज रक्तात उतरत राहते. तेच रक्त दिवसभर किडनीतून गाळलं जातं. तोंड खराब असलेल्या मांजरांमध्ये किडनीचा आजार जास्त दिसतो, हे खरं. पण हिच्या किडन्या दातांनीच खाल्ल्या असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. वयामुळेही होतं. एवढं नक्की, की ते तोंड तसंच ठेवलं तर किडनीला उसंत मिळणार नाही, आणि हिला रोज दुखत राहील."

दात काढायला हवे होते. त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागते. भुलीत रक्तदाब उतरला, तर आधीच थकलेल्या किडन्या तिथेच बसू शकतात.

"आधी महिनाभर सांभाळू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आकडा स्थिर झाला की ठरवा. तुम्हीच ठरवायचं."

महिनाभरात आकडा अडीचवर येऊन थांबला. त्याखाली जाईना. घारी खोक्यात परतली, खास मऊ खाणं चाटून खायला लागली, आणि प्रश्न घरात येऊन बसला.

"आता तिला कुणी हात लावायचा नाही," मामीनं जाहीर केलं. "मरणाच्या दारातून परत आलीय. पुन्हा मी पाठवणार नाही."

बोलायचा हक्क गमावलाय असं मामांना वाटत होतं आणि मामीलाही तसंच वाटत होतं. मला मात्र राहवेना. "मामा, दातांचं तुम्हाला कळतं. तुमचं मत सांगा ना."

"माझं मत घेऊनच इथवर आलो," मामा म्हणाले आणि मागच्या खोलीत गेले.

मग एका सकाळी मामी शिवत बसली होती आणि घारी खात होती. एकाएकी घारीनं ताटली सोडली, मागे सरकत सरकत भिंतीला टेकली आणि पुढच्या पंजानं स्वतःच्याच तोंडावर मारत सुटली. एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा. तोंडातून रक्ताची लाळ लोंबली. मग ती परत ताटलीपाशी आली, कारण भूक होती. आणि पुन्हा तेच.

मामीनं मशीनचं चाक हातानं थांबवलं. मग उठली, मागच्या खोलीच्या दारात गेली आणि महिन्याभरात पहिल्यांदा सरळ नवऱ्याशी बोलली.

"तुमच्या माणसांना असं दुखतं का हो?"

मामांनी हातातला साचा खाली ठेवला. "दुखतं. पण ती सांगू शकतात."

मामीनं तिथूनच दवाखान्यात फोन लावला.

दात काढायच्या आदल्या दिवसापासून घारीला सलाईन चालू होतं. सकाळी साडेनऊला तिला आत नेलं. आम्ही बाहेर बाकावर. तासाभरानं आतला माणूस घाईघाईनं येऊन कपाटातून एक बाटली घेऊन गेला. दार बंद होताना यंत्राचा टिकटिक आवाज ऐकू आला, संथ, फारच संथ. मामीनं माझा हात नाही, मामांचा हात धरला. मामांच्या नखांतली पांढरी भुकटी तिच्या तळहाताला लागली. मी फरशीचे चौकोन मोजत होते आणि दर वेळी वेगळा आकडा येत होता.

सव्वाअकराला डॉक्टरबाई बाहेर आल्या. "रक्तदाब एकदा बराच उतरला होता. वर आणला, आणि मी तिथेच थांबले. तोवर नऊ दात काढून झाले होते. दोन खराब अजून आहेत, त्यांच्यासाठी जास्त वेळ भुलीत ठेवणं परवडलं नसतं. आता शुद्धीवर येतेय. किडनीचं दोन दिवसांनी कळेल."

त्यांनी स्टीलच्या वाटीत ते नऊ दात दाखवले. मामांनी चष्मा वर करून एकेक पाहिला. वरून धड दिसणाऱ्या दाढांची मुळं खाली पोखरून गेली होती. एक तर निम्मंच उरलं होतं. मामांनी आयुष्यात हजारो दात हाताळले असतील, पण ते सगळे बनवलेले. वाटी परत देताना त्यांचे डोळे भरून आले. "एवढं घेऊन ती माझ्या मांडीवर बसायची," ते म्हणाले.

दोन दिवसांनी आकडा आला दोन पूर्णांक सात. डॉक्टरबाईंनी तिला घरी सोडलं, पण आठवडाभर रोज बोलावून सलाईन दिलं. मग दोन पूर्णांक चार. दात काढल्यावर पाचव्याच दिवशी घारीनं टाके असलेल्या तोंडानं अख्खी ताटली चाटून पुसली आणि आणखी हवं म्हणून मामीच्या पायात घोटाळायला लागली. त्यानंतर तिला तोंडावर मारून घेताना कुणी पाहिलं नाही.

किडन्या काही बऱ्या झाल्या नाहीत. त्या होत नसतात. घारी आणखी पावणेदोन वर्षं जगली. खाण्यापिण्याचं पथ्य, कातडीखाली सलाईन, दर तीन महिन्यांनी रक्त. सलाईनची सुई टोचायला मामीच शिकली. मामांनी शिकायचं नाकारलं. मी धरतो, तू टोच, म्हणाले. शेवटी किडन्यांनीच हात टेकले. घारी मामीच्या मांडीवर गेली, दवाखान्यात, दुपारी, दोघं जवळ असताना.

त्या पावणेदोन वर्षांत दवाखान्याच्या बाकावर मामा पुष्कळ वेळा बसले. शेजारी कुणी मांजर घेऊन आलं की आपणहून बोलायला लागायचे. आधी तोंडाकडे बघायचे, माणसाच्या नाही, मांजराच्या. मग विचारायचे, "तोंड उघडून कधी पाहिलंत का हिचं?" आणि समोरचा 'नाही' म्हणाला, की स्वतःची गोष्ट सांगायचे, पहिल्यापासून, काहीही न लपवता. मी चोरून गोळी दिली, हेही. मामी शेजारी बसून ऐकायची. एकदा एका बाईनं तिला हळूच विचारलं, "राग नाही येत तुम्हाला?"

"येतो ना," मामी म्हणाली. "पण खरं सांगायला दारातून परत फिरले, ते मी पाहिलंय."