गुरवघराची चावी

"गुणाजीनं गुरवघर गिळलं! अलिबागला जाऊन नावावर चढवलं!" भिकूकाकाची ही बातमी अशी येते: आधी पान डाव्या गालातून उजव्या गालात, मग पिचकारी, मग शब्द. मी त्याची हुबेहूब नक्कल करते, पण नंतर चूळ भरावीशी वाटते.

कारण सगळं खोटं. त्याच्याच मुलानं, परेशनं, सातबारा काढून आणला. त्यावर देवाचं नाव. गुरवघर कधीच गुरवाचं नव्हतं, देवळाचं होतं. जो सांजसकाळ पूजा करील त्यानं तिथं राहायचं, पूजा सुटली की उंबऱ्यावर चावी ठेवून निघायचं. गुणाजीआबांच्या आज्याच्याही आधीपासूनचा रिवाज. कागद बघून भिकूकाका म्हणाला, "आज न्हाय चढवलं, उद्या चढवंल." शी! याच तोंडानं हा रोज आबांच्या हातचं तीर्थ पितो.

मीही काही कमी नाही. देवळाच्या पायरीवर मी आबांच्या आरतीची नक्कल करून दाखवली. ताट लटलट हलतंय, तूप सांडतंय. सगळे खिदळले. वळून बघते तर मागे आबा.

"माझा हात येवढा हलतो, जागृती?"

भिकूकाका अजून हसतच होता.

दुसऱ्या दिवशी आबांनी अलिबागच्या पुतण्याला, विनेशला, निरोप धाडला. "देवापुढं हात हलतो तो गुरव कसला? आता विनेश पूजा करील, घर त्याचं."

"आबा, कोण विचारतंय? राहा की!"

"रिवाज विचारतो."

"बासष्ट वर्षांचं घर तुम्ही सोडताय होय! लावा पैज."

"व्हय? हरलीस तर माझी नक्कल माझ्याम्होरं करायची. आख्खी."

विनेश आला त्या सकाळी आबांनी चूल सारवली, घागर भरली, उंबऱ्यावर चावी ठेवली. हातात एक पत्र्याची पेटी. भिकूकाका तीत वाकून बघतो आणि विचारतो, "देवाची भांडी न्हायत ना?" आत दोन धोतरं आणि गुडघ्याच्या गोळ्या.

लेकीकडे, आगरदांड्याला जायला आबा दिघीच्या धक्क्यावर पेटीवर बसले. बोट लागायची होती.

"कर."

मी केली. घसा खाकरला, गुडघा धरून उठले, ताट उचललं. हात मात्र हलवला नाही.

"हात हलव," आबा म्हणाले. "आणि घसा मी दोनदा खाकरतो. पुन्यांदा कर."