जयंतीबाईंची विळी

अंधेरीच्या जयंती धुरी लायब्ररीतून आणलेल्या अद्भुत कादंबऱ्यांचा फडशा पाडतात, आणि त्यांतल्या तलवारींबद्दल त्यांचं मत पक्कं आहे. अंधारात चमकणाऱ्या तलवारींना त्या सरळ ट्यूबलाइट म्हणतात. "खरी तलवार एकच," त्या ठणकावतात, "जी आपला धनी स्वतः निवडते. भलत्याने हात लावला, तर रक्त काढते."

पुरावा घरातच होता. सासूने मालवणहून आणलेली विळी जयंतीबाईंशिवाय कुणाचंच ऐकत नसे. मुलगा यज्ञेश एकदा हौसेने फणस चिरायला बसला आणि टाके घालून आला.

परवाच्या रविवारी त्या लायब्ररीतून परतल्या, तर नवी सून निधी तीच विळी घेऊन सुरमई कापत होती. तुकड्या एकसारख्या, आणि बोटाला साधा ओरखडाही नाही.

"आई, रागावलात का?" निधीने दचकून विचारलं.

जयंतीबाईंनी एकदा विळीकडे, एकदा निधीच्या बोटांकडे पाहिलं. मग त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं, पदर खोचला आणि या स्वयंपाकघरात आजवर कुणालाच न विचारलेला प्रश्न सुनेला विचारला.

"मसाला किती लावू, सांग."