मावशीचं नौकाकार हाड

माझी मावशी बायकांचे कपडे शिवते, आणि कापड कापताना ती कुणाचं ऐकत नाही. देवाचंही नाही, असं काका म्हणतात. काका म्हणजे तिचे यजमान. दुकानातली इस्त्री, काजं-बटणं आणि मावशीची बोलणी खाणं ही कामं त्यांच्याकडे. कात्रीला मात्र हात लावायची सोय नव्हती.

दुकानाच्या पायरीवरून घसरून ती उजव्या हातावर पडली. मनगट टम्म सुजलं. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. "अंगठ्याच्या मुळाशी हे नौकाकार हाड असतं. ते मोडलंय."

"नौकाकार म्हणजे?" मावशीने विचारलं.

"नावेच्या आकाराचं. दोन्ही टोकं निमुळती, मध्ये पोट, वरून खोलगट. एवढंसं असतं, पण अंगठ्याची पकड त्याच्या जिवावर. आणि जुळायला महाहट्टी."

"म्हणजे आमच्या हिच्यासारखंच," काका म्हणाले. मावशीने असं पाहिलं, की ते थेट औषधं आणायला गेले. प्लास्टर अंगठ्यासकट घातलं. अंगठा हलला तर हाड जुळणार नाही, मग कात्री विसरा, असं बाईंनी बजावलं.

रिकामं बसायची सवय नसलेल्या मावशीला चघळायला तो शब्द मिळाला. शेंग नौकाकार? हो. चमचा? "छे, त्याला एकच टोक!" चप्पल? "तळ सपाट आहे, ती कसली नौका?" काकांनी केळं पुढे केलं, तर म्हणे नुसतं वाकडं असून भागत नाही, पोकळ हवं. जेवताना, दुकान झाडताना काकांची परीक्षा चाले. चुकले की उद्धार ठरलेला. हळूहळू काका चुकेनासे झाले.

प्लास्टर मात्र तिला पटेना. ते अंगठ्याशी रुतत होतं, बेतलंच नीट नव्हतं. शिवणारी बाई ती, अंगाला बसत नाही ते दुरुस्त करायचं एवढंच तिला ठाऊक. एका दुपारी काका दोरे आणायला गेले असताना तिने प्लास्टरचा काठ ओला केला आणि डाव्या हातात जाड कात्री घेऊन, गळा कोरावा तसा अंगठ्याभोवतीचा भाग कोरून काढला. वर चिकटपट्टी लावून कड सफाईदार केली. अंगठा मोकळा झाला, बाई खूश.

पुढच्या एक्स-रेत हाडाचे दोन तुकडे तसेच वेगळे दिसले. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, हेच वाईट झालं. ऑपरेशन झालं, स्क्रू बसला, हाड एकदाचं जुळलं. पण अंगठा पूर्वीसारखा मिटेना. मोठी कात्री धरली की निसटायची. मावशी माझ्यासमोर रडली. "माझं मीच करून घेतलं गं," म्हणाली. मला फार वाईट वाटलं.

दुकान बंद करायचं जवळजवळ ठरलं होतं. तेवढ्यात एक शिक्षिका निळं कापड घेऊन आल्या. त्यांना कुडत्याला खांद्यापासून खांद्यापर्यंत पसरट, उथळ गळा हवा होता. मावशी नाही म्हणायच्या आत काकांनी कापड ठेवून घेतलं. त्या गेल्यावर काय तो तमाशा!

"तुम्ही कापणार? जन्मभर कॉलरी जाळत आलात!"

"तू सांग, मी कापतो."

सांगायचं काय, तेच तिला उमगेना. आजवर हात आपसूक चालायचा, तोंड भलत्याच विषयावर. "इकडून... असा... अहो, असा!" ती हवेत हात फिरवत राहिली. काका खडू धरून थांबले होते.

"नौकाकार काढा," ती शेवटी म्हणाली. "टोकं खांद्यावर. पोट अगदी कमी. उथळ पाण्यात चालेल अशी नाव."

काकांनी एका दमात रेघ ओढली. मावशीने वाकून वाकून पाहिलं, पण नाव ठेवायला जागा सापडली नाही. "कापा," म्हणाली, आणि कात्री थांबेपर्यंत श्वास रोखून बसली.

कुडता तयार झाल्यावर शिक्षिकाबाईंनी तो घालून आरशात पाहिलं. "मावशी, तुमच्या हाताची सर कुणाला नाही!"

स्वतःची स्तुती मावशीने आयुष्यात कधी परत केली नव्हती. या वेळी ती इस्त्रीच्या टेबलाकडे मान वळवून म्हणाली, "हात यांचा आहे."

काकांनी वर पाहिलं नाही. इस्त्री झालेल्या बाहीवरूनच ते पुन्हा पुन्हा इस्त्री फिरवत राहिले.