बाईंनी साखर पाजली, हे खरं आहे

आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंवर अन्याय झाला. गेल्या वर्षी, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, श्रावणातल्या पहिल्या सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास, दवाखान्याच्या ओट्यावर, तुमच्यापैकी पन्नासेक जणांच्या देखत. हे आधीच सांगून टाकतो. पुढं बाईंविषयी लिहिताना मला हसू येणार आहे, आणि हसण्यात ही गोष्ट बाजूला पडायला नको.

बाई राम राम घेत नसत, देत नसत. माणूस दारात दिसला की पहिला प्रश्न, "काय खाल्लं?" कंपाउंडरची जागा रिकामी होती, म्हणून गोळ्याही त्याच द्यायच्या. पुडी पुढं करायच्या, पण सोडायच्या नाहीत. पुडीचं एक टोक त्यांच्या चिमटीत, दुसरं रोग्याच्या. "आता तुमी मला सांगा, कोणती कवा घ्यायची." बरोबर सांगितलं की चिमूट सुटायची. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. आपल्या सरपंचांना त्यांनी असं तीनदा म्हणायला लावलं होतं. तेव्हा ओट्यावर बसून तुम्ही सगळे तोंड लपवून हसलात, मीही हसलो.

माझी-त्यांची ओळख भांडणातून झाली. दवाखान्यात औषधं वेळेवर येत नाहीत, त्यावर पत्रक काढायला मी गेलो होतो. त्यांनी माझा मजकूर वाचला आणि म्हणाल्या, "औषधं न्हाईत हे खरं हाय. पण जी हायेत ती लोक कशी खातेत, ते बघितलं का तुमी? बसा इथं दोन दिस."

मी बसलो. साखरेच्या आजारावर आमच्याकडं दोन तऱ्हेच्या गोळ्या येतात, एक लहान, एक मोठी. लहान गोळी रक्तातली साखर खाली ओढते. पोटात अन्न आहे की नाही, हे तिला कळत नाही. मोठी जेवणासोबत घ्यायची, नाहीतर पोट ढवळतं. मूत्रपिंड अधू असेल तर ती घातक, आणि उलट्या-जुलाब लागले तर थेट दवाखाना गाठायचा. एकीनं भागत नाही तेव्हा डॉक्टर दोन्ही लिहून देतात, आणि मग दुप्पट जपावं लागतं. हे मला बाईंनी शिकवलं. चार वर्षं कॉलेजात घालवून मला फक्त घोषणा येत होत्या.

एकजण शेजारणीच्या गोळ्या खाऊन आली. तिला मानवल्या म्हणून हिनंही घेतल्या. बाई म्हणाल्या, "तिचा चष्मा घालून दिसतंय का तुला? मग तिची गोळी कशी चालंल?"

एकदा त्यांनी फर्मान काढलं की घरातल्या सगळ्या पुड्या बांधून आणा. एका म्हातारीनं गाठोडं आणलं. त्यात कापूर निघाला, बैलाच्या खुराचं औषध निघालं, आणि तळाशी दोन रंगांच्या गोळ्या. एक आपल्या दवाखान्याची, एक परभणीच्या डॉक्टरची. बाईंनी दोन्ही वेष्टनांवरची नावं वाचली. औषध एकच होतं, आजी तेच दोनदा खात होती. "आजी, तुमाला घाम का सुटायलाय ते कळलं. बैल बरा हाय ना?" आजी म्हणाली, "बैल ठीक हाय माय, त्याला एकच डॉक्टर हाय."

बाई मूळच्या चुडाव्याकडच्या. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मुलीला शाळेत घातलं. नर्सिंगच्या परीक्षेत त्यांचा पहिला नंबर आला होता, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. डॉक्टरांच्या तोंडून कळलं. आपल्या गावाला असं माणूस मिळालं होतं. मला त्याचा अभिमान आहे आणि तो लपवायचं मला कारण दिसत नाही.

आता त्या सोमवाराकडं येतो.

तात्यांना तुम्ही ओळखता. वय सत्तरीला टेकलेलं, दोन्ही गोळ्या चालू. पंचमीला त्यांनी पुरणाची दिंडं खाल्ली, चांगली पाच-सहा. मनाला टोचणी लागली. म्हणून सोमवारी सकाळी त्यांनी लहान गोळ्या एकीऐवजी दोन घेतल्या, दंड म्हणून. आणि वर कडक उपास धरला. गोळी म्हणजे काही अन्न नव्हे, गोळीनं उपास मोडत नाही, असा त्यांचा हिशेब. हा हिशेब आपल्या गावात घरोघरी आहे.

अकरा वाजता त्यांना महादेवाच्या देवळातून उचलून आणलं. सदरा घामानं चिंब, हात थरथरत होते, पुजाऱ्याला मेलेल्या भावाच्या नावानं हाका मारत होते. डॉक्टर मीटिंगला सोनपेठला गेलेले. बाईंनी तात्यांच्या कपाळाला हात लावला, त्यांच्या खिशातली पुडी काढून गोळ्या मोजल्या आणि आधी घोटभर पाणी देऊन गिळता येतंय का ते पाहिलं. मग चहाच्या डब्यातली साखर वाटीत ओतली आणि पाण्यात कालवली.

तात्यांचा पुतण्या ओरडला, "ए बाई, शक्करवाल्याला शक्कर पाजून मारायलीस का?"

"साखर लय उतरलीय त्यांची. वाटी धरा."

मागून कुणीतरी म्हणालं, "उपास हाय त्यांचा. अन् तिच्या हातचं?"

कोण म्हणालं ते मला माहीत आहे. त्यालाही माहीत आहे. बाईंनी मान वर केली नाही. "हात नंतर धुवा तात्या. आधी गिळा."

तात्यांनी गिळलं. थोड्या वेळात घाम ओसरला आणि त्यांनी विचारलं, "मी हितं कसा?" पुतण्या त्यांना घरी न्यायला निघाला तर बाई स्टूल ओढून दारात बसल्या. "ही गोळी उद्यापर्यंत अंगात राहती. साखर परत उतरंल. न्यायचं असंल तर मला उचलून बाजूला ठेवा." कुणी पुढं झालं नाही. दुपारी चार वाजता साखर खरंच पुन्हा उतरली. बाईंनी पुन्हा पाजली, मग भात खाऊ घातला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तात्यांना हलू दिलं नाही.

डॉक्टर आले, म्हणाले, "बरोबर केलं." तोंडी म्हणाले. मी लेखी मागितलं तेव्हा त्यांना पेन सापडला नाही.

पुतण्यानं मात्र पेन शोधला. वर तक्रार गेली, की साखरेच्या रोग्याला जबरदस्तीनं साखर पाजून जिवाशी खेळ केला. दिवाळीआधी बाईंच्या नावावर निष्काळजीपणाचा शेरा बसला आणि बदलीचा कागद आला.

मी त्याच दिवशी जळजळीत पत्रक लिहून काढलं. बाईंनी ते वाचलं आणि घडी करून परत दिलं. "माझं राहू द्या. उपासाचं छापा. उपास धरायच्या आधी डॉक्टरला विचारा, मनानं गोळी वाढवू नका, मनानं बंदबी करू नका. घाम सुटून हातपाय कापायला लागले तर साखर द्या. माणूस बेशुद्ध असंल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात आणा." मी 'सेवन करावे' असं लिहिलं होतं. त्यांनी ते खोडून 'खा' केलं. मानवतला जाऊन मी पत्रक छापून आणलं. तुमच्या घरात ते असेल. त्यात बाईंचं नाव नाही, त्यांनीच येऊ दिलं नाही.

बाई गेल्या तेव्हा यष्टीपर्यंत मी एकटाच होतो. आता दवाखान्यात नवे कंपाउंडर आले आहेत. भले आहेत, पुडी देतात आणि पुढच्याला हाक मारतात. तो शेरा मात्र बाई जातील तिथं त्यांच्या कागदासोबत जातो. पुढची बढती आली की तो आधी वाचला जाईल.

बाईंवरचा शेरा काढून टाकावा असा अर्ज लिहून मागच्या आठवड्यात मी तात्यांकडं गेलो. त्यांनी तो माझ्याकडून वाचून घेतला. मग म्हणाले, "लिही. दोन गोळ्या मी घेतल्या, कुणाला न सांगता. माझा पुतण्या माझं ऐकत न्हाई, पण सही माझी हाय." आणि त्यांनी सही केली.

अर्ज माझ्या घरी आहे. तुम्ही त्या दिवशी ओट्यावर होतात. वाटी तुम्ही पाहिली, तात्या उठून बसलेले पाहिले. तात्यांच्या सहीखाली जागा मोकळी आहे. या आणि सही करा. लिहिता येत नसेल तर अंगठा लावा, पण या आठवड्यात या.