सोलांजची जीभ

आमच्या भाजीपाला संशोधन केंद्रात डॉक्टरेट झालेली एकवीस माणसं आहेत, पण भरवशाची जीभ एकच होती. ती सोलांज बार्बारूची.

सोलांज एकोणिसाव्या वर्षी इथे खुरपणीला आली. मी गोदामात लागलो त्याच्या आदल्या वर्षी. त्या उन्हाळ्यात पाचसहा संशोधक एका नव्या झुकिनीचे काप करून बांधावर चाखत उभे होते आणि माना डोलावत होते. वाकून तण काढणाऱ्या सोलांजला कुणीतरी गंमत म्हणून एक काप दिला. तिने तो जिभेवर धरला, थुंकला आणि म्हणाली, "खाऊ नका ही. पोटं बिघडतील." सगळे हसले. संध्याकाळपर्यंत त्यातले तिघं संडासाच्या दाराशी रांगेत उभे होते. दुसऱ्या दिवशी तिच्या हातातलं खुरपं काढून घेतलं आणि खडू दिला.

तेव्हापासून नियम पडला. आमच्या शेतातलं फळ माणसाच्या पोटात जायचं असेल तर ते आधी सोलांजच्या जिभेवरून जाणार. कारण साधं आहे. झुकिनी भोपळ्याच्याच कुळातली. आमच्याकडे चांगल्या वाणांच्या शेजारीच जगभरातले रानभोपळे लावलेले असतात, आणि मधमाश्यांना कुंपण कळत नाही. एखाद्या बियाण्यात रानाचं रक्त उतरलं की पुढच्या वर्षी त्या वेलाला दिसायला देखणं आणि आतून जहर असं फळ लागतं. शिजवून तो कडूपणा जात नाही. वर मसाला चांगला पडला आणि खाणारा भिडस्त असला तर तो ते मुकाट्याने संपवतो आणि दवाखाना गाठतो.

सोलांजचं काम बघण्यासारखं असे. देठाकडचा पातळ काप, तो तीन आकडे मोजेपर्यंत जिभेवर, मग थुंकायचं, शिळ्या पावाचा तुकडा, घोटभर पाणी. फळ बरं असेल तर सालीवर खडूची रेघ. नसेल तर नापासांच्या टोपलीत. या जिभेसाठी तिने काय काय सोडलं! दारू नाही, सिगारेट नाही. आमच्या भागात लसणाशिवाय जेवण म्हणजे सुतकातलं जेवण, पण तिच्या घरी लसूण फक्त शनिवारी, म्हणजे सोमवारपर्यंत तोंड स्वच्छ. तिच्या नवऱ्याने, बिचाऱ्या ज्युल्याँने, चोवीस वर्षं असं अळणी काढलं आणि मग तो वारला. तो लसणावाचून गेला असं मी एकदा तिला चिडवलं, तर महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

या सप्टेंबरात वेलवर्गीय पिकांची आंतरराष्ट्रीय परिषद आमच्या केंद्रात भरली. काकडी, कलिंगड, खरबूज, भोपळे यांतच जन्म घालवलेले एकशे साठ पाहुणे कुठून कुठून आले. आमच्या संचालिका मादाम व्हेर्दिए यांनी गोल झुकिनीच्या एका वाणावर नऊ वर्षं घालवली होती. दरवर्षी त्यात शंभराला तीन-चार फळं कडू निघायची आणि बाईंचं तोंड फळापेक्षा कडू व्हायचं. या वर्षी मात्र एप्रिलपासून एकही नाही. सोलांजच्या वहीत पानामागून पान, कडू या रकान्यात शून्य. सगळे खूश होते. मीही होतो, उगाच खोटं कशाला सांगू? नापासांची टोपली कोरडी पडली म्हणजे माझं धुण्याचं काम वाचलं, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

बाईंनी ठरवलं, शेवटच्या दिवशी चार वाजता हे शून्य जगाला सांगायचं आणि सात वाजता तीच झुकिनी जगाला खाऊ घालायची. दुसऱ्या कुणी जवळच्या कार्पांत्रा गावच्या बाजारातून भाजी आणली असती. पण आमच्या लोकांना आपल्या शेताचा भारी तोरा. प्रत्येकाच्या ताटात एक अख्खी गोल झुकिनी, पोखरून खिमा भरलेली, वर देठाकडून कापलेली तिचीच टोपी. परिषदेच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत अगदी तळाला एक ओळ होती: चव तपासणी, सोलांज बार्बारू. छत्तीस वर्षांत तिचं नाव पहिल्यांदा छापून आलं. तीन दिवस ती पत्रिका एप्रनच्या खिशात घेऊन फिरत होती. शिवाय तिला जेवणाचं आमंत्रणही होतं, आणि जोडीला कुणीतरी हवं म्हणून मलाही.

त्या दिवशी सकाळी सात ते अकरा तिने पाहुण्यांच्या एकशे साठ आणि वर दहा, अशा एकशे सत्तर झुकिन्या चाखल्या. एकशे सत्तर रेघा. मी खोकी स्वयंपाकघरात पोचवली.

तीनच्या सुमारास मी रिकामी खोकी आणायला गेलो. आचारी ओनोरे आणि त्याची माणसं फळं पोखरून खिमा भरत होती. शेजारच्या परातींत टोप्या मांडून ठेवल्या होत्या. मला कच्ची झुकिनी आवडते. उभ्या उभ्या मी एका टोपीच्या कडेचा तुकडा मोडून तोंडात टाकला. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या.

"उंदीर आहेस का रे?" ओनोरे ओरडला. "पाहुण्यांना बोडक्या झुकिन्या वाढू का?"

चौथ्या टोपीने माझ्या तोंडाला आग लागली. काकडीचं टोक कधी कडू लागतं तसं नव्हे. जिभेपासून घशापर्यंत सगळं आवळून आलं. मी मोरीत थुंकलो, चूळ भरली, परत थुंकलो.

"काय झालं?" ओनोरेने विचारलं.

"दाढ," मी म्हणालो आणि ती टोपी खिशात घातली. तिच्या हिरव्या सालीवर खडूची रेघ होती.

स्वयंपाकघरापासून चाखायच्या खोलीपर्यंत दोनशे पावलं असतील. त्या दोनशे पावलांत मला एप्रिलपासूनची सगळी शून्यं आठवली.

सोलांज खिडकीशी बसली होती. रात्रीसाठी इस्त्री केलेला निळा ब्लाउज खुंटीला टांगला होता. मी टोपी तिच्यापुढे ठेवली.

"चाख."

"सकाळी चाखलीय. रेघ दिसत नाही का तुला?"

"परत चाख."

"फिर्मां, तुला उन्ह लागलंय का?" असं म्हणत तिने सुरी घेतली, देठाकडचा काप काढला आणि जिभेवर ठेवला. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. एक, दोन, तीन. कपाळावर आठीसुद्धा नाही. तिने काप थुंकला, पावाचा तुकडा मोडला.

"बरी आहे," ती म्हणाली. मग तिने माझा चेहरा पाहिला. पावाचा तुकडा तिच्या हातातच राहिला.

"कधीपासून?" मी विचारलं.

तिने तुकडा खाली ठेवला. "जानेवारीत ताप आला होता ना, तेव्हापासून. मीठ तेवढं कळतं. बाकी सगळं कागद चघळल्यासारखं."

"आणि आठ महिने मूग गिळून बसलीस?"

"येईल म्हणाला डॉक्टर. महिन्याभरात येईल, मग म्हणाला ईस्टरपर्यंत येईल. रोज पहिला काप ठेवताना वाटायचं, आज येईल. मग मी पानांवरून, देठावरून ओळखायला लागले. इतकी वर्षं बघतेय मी वेल. म्हटलं, नाही चुकणार."

"चुकलीस ना पण!"

मी ओरडलोच. मला तिचा भयंकर राग आला होता. एकशे साठ माणसं विश्वासाने जेवणार होती. आणि त्याच वेळी तिला जवळ घ्यावंसंही वाटत होतं. दोन्ही खरं होतं.

घड्याळात साडेतीन वाजून गेले होते. मी म्हणालो, चल, आपण परत चाखू. तिने लगेच खोलीतल्याच टोपलीतलं एक फळ कापून मला दिलं. ते कडू लागलं. दुसरं दिलं, तेही कडू. सोलांजने मान हलवली. "जहर एकदा लागलं की तास-दीड तास जीभ मेलेली असते. आता तुला दूधही कडू लागेल. तुझाही उपयोग नाही, माझाही नाही."

"मग उंदीर," मी म्हणालो. "ओनोरेला सांगतो, परातींवर उंदीर फिरताना पाहिले. सगळं फेकून द्यायला लावतो. बाजारातून दुसरं काहीतरी आणू. कुणाला काही कळणार नाही. सोमवारी तू म्हण, तब्येत बरी नाही, काम सोडते."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिला पस्तीस वर्षं ओळखतो, त्या क्षणी तिला ते पटलं होतं. तिचा हात खिशातल्या कार्यक्रमपत्रिकेवर गेला, तिने ती थोडी बाहेर काढली, परत आत सारली. मग ती म्हणाली, "आणि चार वाजताचं भाषण? त्यालाही उंदीर लागले म्हणून सांगशील?"

मी टोपी परत खिशात घातली.

ती उठली, खुंटीवरचा ब्लाउज हातात घेतला आणि परत तिथेच टांगला. एप्रन होता तसाच ठेवून बाहेर पडली. मी मागे.

उत्तरेचा गार वारा, आमचा मिस्त्राल, सुटला होता. सभागृह शेताच्या पलीकडच्या टोकाला. वाटेत ती एका वेलाशी थांबली, तेव्हा मला वाटलं, आता मागे फिरेल. ती नुसता श्वास घेत होती. आम्ही पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. आत अंधार, पडद्यावर गोल झुकिनीचं चित्र आणि त्याखाली मोठं शून्य. मला इंग्रजी येत नाही, पण शून्य वाचता येतं. बाई व्यासपीठावर उभ्या होत्या, आणि नऊ वर्षांत मी त्यांना इतकं आनंदी पाहिलं नव्हतं.

सोलांज मधल्या वाटेने सरळ पुढे गेली. एकशे साठ माना वळल्या.

"मादाम," ती म्हणाली, "तो आकडा माझा आहे. आणि तो खोटा आहे."

"मादाम बार्बारू, आपण नंतर बोलू," बाई हळू आवाजात म्हणाल्या. हसू अजून चेहऱ्यावर तसंच होतं.

"नंतर ही माणसं जेवलेली असतील."

मग तिने सांगितलं. आपल्या गावच्या फ्रेंचमध्ये, एकेक वाक्य. जानेवारीपासून मला चव लागत नाही. मी कुणाला सांगितलं नाही. एप्रिलपासूनच्या वहीतला एकही आकडा धरू नका. रात्रीच्या जेवणातलं फळ आज फिर्मांला कडू लागलं, अजून किती आहेत ते मला सांगता येत नाही.

पाहुण्यांमधल्या बहुतेकांना फ्रेंच येत नव्हतं. ते बाईंकडे बघत होते. इंग्रजीत सांगायचं काम बाईंनाच करायचं होतं, आणि तिथे मी पुरता घाबरलो. त्या काहीही सांगू शकल्या असत्या. ही आमची जुनी कामगार आहे, दमली आहे, तिच्याकडे लक्ष देऊ नका. माझ्यासारख्याला काय कळणार होतं?

बाईंनी माइक दोन्ही हातांत धरला. त्या पहिलं वाक्य बोलल्या. सभागृहात कुणी हललं नाही. दुसरं बोलल्या. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने चष्मा काढला. तिसरं बोलल्या आणि बसलेल्या माणसांतून एक हुंकार गेला, तेव्हा मला कळलं, बाई खरं सांगताहेत. शेवटी त्यांनी स्वतःच बटण दाबून पडदा विझवला आणि फ्रेंचमध्ये म्हणाल्या, "मग माझ्याकडे आज सांगण्यासारखं काही नाही." सोलांजकडे त्यांनी पाहिलं नाही.

चष्मा काढलेला तो म्हातारा उठला. पोलंडचा होता, मोडकंतोडकं फ्रेंच बोलायचा. "फळं किती?"

"एकशे सत्तर," मी मागून ओरडलो.

"आम्हीही साधारण तितकेच. आणि जिभा आम्हालाही आहेत."

सात वाजता जेवण झालं ते असं. ताटं आली. कुणी काटा उचलला नाही. बाईंनी सांगितल्यावर प्रत्येकाने आपापल्या झुकिनीची टोपी उचलून आतल्या बाजूने जिभेला लावली. जगातली एवढी मोठी माणसं डोळे मिटून, जीभ बाहेर काढून बसलेली. एरवी मी पोट धरून हसलो असतो. एक हात वर झाला. मग लांबच्या टेबलावर दोन. मग आणखी दोन. पाच झाले. सोलांज उठली आणि प्रत्येक टेबलाशी जाऊन ते ताट स्वतःच्या हाताने उचलून आणलं. पाचव्या ताटाशी एक तरुण जपानी बाई बसली होती, चार-पाच महिन्यांची पोटुशी. तिचं ताट उचलताना सोलांजच्या हातातला चमचा खाली पडला.

परत येऊन ती माझ्या शेजारी बसली. पुढ्यात तिचं स्वतःचं ताट होतं, टोपी तशीच. एव्हाना सगळ्यांनी खायला सुरुवात केली होती. सोलांज नुसती बघत राहिली. मग तिने ते ताट माझ्याकडे सरकवलं.

"तुझी जीभ आली का परत?"

"आली."

"मग चाख. नीट चाख. तीन आकडे."

मी टोपी जिभेला लावली. एक, दोन, तीन. पाचांपेक्षा एकसुद्धा जास्त नको, असं मनात म्हणत होतो.

"बरी आहे," मी म्हणालो.

तिचा हात सवयीने एप्रनच्या खिशात गेला. खडू बाहेर आला. तिने तो माझ्या ग्लासाशी ठेवला आणि काटा उचलला. दोन घास तिने खाली बघत खाल्ले.

"फिर्मां," ती म्हणाली, "कशी लागते, सांग ना."