तुळशीरामची दोन बदकं

तुळशीराम सोमकुवरची आणि बदकांची पहिली भेट झाली, तेव्हा दोन दिवस अख्ख्या मुलखाचा टेलिफोन मुका झाला होता. मध्य प्रदेशातल्या सौंसर भागातली, चौऱ्याऐंशी सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. भोपाळहून ट्रकवर दोन पायडल बोटी निघाल्या. पांढऱ्याशुभ्र, बदकाच्या आकाराच्या, आणि माना अशा उंच की वाटेतल्या गावांमधल्या कोंबड्या भरदुपारी खुराड्यात शिरल्या आणि म्हाताऱ्यांनी खाटेवरून उठून हात जोडले. तिगावजवळच्या फाटकावर तर मालगाडीच्या ड्रायव्हरनं गाडी थांबवून ट्रकला आधी जाऊ दिलं म्हणे. पुढे एका बदकाची मान टेलिफोनच्या तारेत अडकली, तार तुटली, आणि दोन दिवस वरून एकही हुकूम आला नाही. त्या दोन दिवसांत सरकारी कामं जेवढी झाली तेवढी पुढे कधीच झाली नाहीत, असं सौंसरचे लोक शपथेवर सांगतात.

मोहगावच्या बाजूला पाटबंधारे खात्याचा तलाव आहे. ट्रक तिथं पोचला तेव्हा तुळशीराम पाळीखालच्या, म्हणजे तलावाच्या बांधाखालच्या, बागेत झेंडूला पाणी घालत होता. त्यानं वर पाहिलं. बदकानंही आपला परातीएवढा रंगवलेला डोळा त्याच्यावर रोखला. तुळशीरामच्या हातून बादली सुटली ती थेट त्याच्याच पायावर.

"साहेब," तो एका पायावर उभा राहून ओव्हरसियर डिगरसे साहेबांना म्हणाला, "हे अंडे देते का जी?"

"देते," डिगरसे म्हणाले. "तुला पक्क्या नोकरीचं अंडं देणार आहे. आधी ट्रकवरून उतरव."

यात थट्टा अर्धीच होती. तुळशीराम नऊ वर्षं मस्टरवर होता, म्हणजे रोजंदारीवर. तलावाची चौकीदारी, बागेची निगा, गेस्ट हाऊसमधल्या साहेबांचा चहा, हे सगळं तोच करी. पक्क्या नोकरीसाठी त्यानं जितके अर्ज दिले होते तितक्यांत एखाद्या साहेबाची गादी भरली असती. आता खात्यानं ठरवलं होतं की तलावावर लोकांसाठी मनोरंजन केंद्र करायचं. फेब्रुवारीत भोपाळचे मोठे साहेब स्वतः पाहायला येणार. बोटी चालताना दिसल्या तर नौकाचालकाची पक्की जागा मंजूर आणि ती तुळशीरामला. नाही दिसल्या तर बदकं दुसऱ्या जिल्ह्यात, आणि मग मनोरंजनच नाही तर मस्टरवर माणूस कशाला?

तुळशीराम त्या दिवसापासून खाकी टोपी घालून काठावर उभा राहू लागला. लोक तर रविवारी यायचेच. शनिवारी जामसांवलीला हनुमंताचं दर्शन, रविवारी तलावावर स्वयंपाक, हा पांढुर्ण्या-सौंसरच्या कुटुंबांचा हिवाळ्यातला नेम. पण मनोरंजन म्हणजे काय, याबद्दल खात्याचं आणि लोकांचं एकमत नव्हतं. खात्यानं बागेत घसरगुंडी, सिमेंटची बाकं आणि फिरायला फरसबंद वाट केली होती. लोक घसरगुंडीवर कणीक मळलेल्या पराती ठेवत, बाकांवर वांगी चिरत आणि वाटेवर गोवऱ्या रचून पेटवत. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे गोळे भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची झणझणीत भाजी. हे रोडगे हाणायचे आणि तिथंच पालथं पडायचं. याहून मोठं मनोरंजन देवानंही केलेलं नाही, अशी सर्वांची श्रद्धा होती.

'चूल पेटविणे सक्त मना आहे' अशी पाटी डिगरसे साहेबांनी तीन ठिकाणी लावली होती. एका पाटीच्या आडोशाला निखारे छान धरत. तुळशीराम बादली घेऊन चुली विझवत फिरे. एक विझवून पुढे गेला की मागची पुन्हा धुपे.

"बोटीत बसा न जी," तो विझवता विझवता विनवी. "सरकारनं तुमच्यासाठीच आणली."

पांढुर्ण्याचे भैय्याजी, गल्ल्याचे म्हणजे धान्याचे व्यापारी, पोट बोटीइतकंच रुंद. त्यांनी एकदा नीट विचारपूस केली.

"पायडल कोण मारीन?"

"तुमीच मारा लागते, भैय्याजी."

"आन जाचं कुठी?"

"कुठी नाही जी. तलावात फिरून इथीच यायचं."

भैय्याजींनी त्याच्याकडे फार दयेनं पाहिलं. "अबे तुळशीराम, माणूस गाडीत बसते त कुठंतरी पोचासाठी. इथीच यायचं हाय त मी इथीच बसून हाओ न! पायडल वाचले."

तीन महिन्यांत बोटीत बसले ते एकूण डिगरसे साहेब, त्यांचा मेहुणा आणि एक बकरी. बकरी आपखुशीनं चढली होती. जानेवारी संपला. साहेबांची तारीख आली, फेब्रुवारीचा तिसरा रविवार.

घरी तुळशीराम जेवेना. बायको वत्सला म्हणाली, "काहो, भाकर कायले सोडून राहिले? बदकं तुमी पाळले का?"

"बदकं गेले त मी बी गेलो, वत्सला. लोकं काही बसून नाही राहिले."

"बसतीन कसे? त्याइले पोटापाण्याचं सांगा. फिरासाठी कोण येते इथं?"

दुसऱ्या दिवशी तुळशीराम पाळीवर बसून तलावाकडे बघत होता. तलावाच्या मधोमध एक टेकडं आहे. तलाव बांधला तेव्हा आजूबाजूची शेतं बुडाली, हे तेवढं डोकं वर काढून राहिलं. दोन मोहाची झाडं, सपाट जागा, चांगली सावली. तिथं कोणी जात नसे, कारण जायला काही नव्हतं. आणि तिथं डिगरसे साहेबांची पाटीही नव्हती.

तुळशीराम उठला तो पळतच. पुढच्या रविवारी त्यानं पहिल्यांदाच कोणाचीही चूल विझवली नाही. पेटवूच दिली नाही. प्रत्येकाजवळ जाऊन हळू आवाजात, जणू चोरीचा माल विकतोय अशा थाटात, तो सांगू लागला, "बागेत मना हाय जी. टेकड्यावर मना नाही. पलीकडं कोणी बादली घेऊन येत नाही."

"तिकडं जाचं कसं?" भैय्याजींनी विचारलं.

तुळशीरामनं नुसतं बदकाकडे बोट दाखवलं.

भैय्याजी उठले. कुठंतरी पोचायचं आहे म्हटल्यावर त्यांची हरकत मिटली होती. त्यांनी धोतराचा काचा मारला आणि पायडलवर पाय ठेवला. बदक एका अंगाला इतकं कललं की तोल साधायला दुसरीकडे गोवऱ्यांची दोन पोती ठेवावी लागली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोन्ही बदकांनी गोवऱ्या, वांगी, पराती, सासवा आणि सुना वाहिल्या. खबर सौंसरला गेली, मोहगावला गेली. तलावावर नंबर लागू लागले.

मग तिसरा रविवार उजाडला. अकराच्या सुमारास जीप आली. मोठे साहेब उतरले. काळा चष्मा, हातात फाइल. त्यांनी बागेत नजर फिरवली. बाकं रिकामी, घसरगुंडी रिकामी, फरसबंद वाटेवर एक कुत्रं.

"डिगरसे, पब्लिक कहाँ है?"

डिगरसे साहेबांचा चेहरा चुन्यासारखा झाला. बोटींचा धक्काही रिकामा. टेकड्यावरून मात्र धुराचा भलामोठा लोट उठत होता.

"वहाँ आग लगी है क्या?"

"नहीं साब," तुळशीराम टोपी सावरत पुढे झाला, "पब्लिक उधर है. मनोरंजन चालू है."

"तो बोट बुलाओ."

इथंच घोटाळा झाला. दोन्ही बदकं टेकड्याला बांधलेली, आणि तिथं चाळीस माणसं पंगतीला बसलेली. आपल्याकडे ताटावरून उठायची पद्धत नाही, मग समोर भोपाळ असो की दिल्ली. तुळशीराम काठावर उभा राहून घसा फोडत होता. "ओ भैय्याजी! साहेब आले! बदक पाठवा!" पलीकडून उत्तर आलं, "त्याइले म्हणा, या जेवाले!"

"कसं यावं? बदक तुमच्याकडं हाय न!"

"मंग थांबा म्हणा, दुसरी पंगत हाय!"

मोठे साहेब घड्याळ पाहू लागले. पाऊण तास गेला. तुळशीरामनं मनातल्या मनात नऊ वर्षांच्या मस्टरला रामराम केला. साहेब जीपकडे वळणार, एवढ्यात एक बदक हललं. डुलत डुलत ते काठाकडे आलं. आत भैय्याजींची आई शकुबाई आणि सून उषा. सत्तरीची शकुबाई नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचून दणादण पायडल मारत होती.

तुळशीरामचा जीव भांड्यात पडला. "आजी, बरं केलं, साहेबासाठी बोट आणली!"

"कोण साहेब? तुपाचा डबा गाडीतच राह्यला! सर बाजूला."

तिनं उषाला डब्यासाठी पिटाळलं आणि काळ्या चष्म्याकडे पाहिलं. "जेवला का रे बाप्पा? नाही? मंग बस. सून मागं बसते. माहे पाय दुखून राहिले, तू मार."

साहेबांना मराठी फारसं येत नव्हतं, पण हा हुकूम कोणत्याही भाषेत कळला असता. त्यांनी फाइल डिगरसेंच्या हाती दिली, बूट काढले आणि पायडलवर पाय ठेवला. मध्यावर पोचेस्तोवर शकुबाईनं त्यांना दोनदा सुनावलं, "जोरानं मार, निखारे विझतीन!"

साहेबांनी नऊ रोडगे खाल्ले. भैय्याजींनी मोजले नव्हते. ते स्वतः अकराव्यावर होते, पण उषा वाढत होती आणि तिच्या लक्षात राहिलं. मग साहेब मोहाच्या सावलीत अडीच तास झोपले. उठल्यावर त्यांनी डिगरसेंकडून फाइल मागवली आणि टेकड्यावर बसूनच लिहिलं की केंद्र यशस्वी आहे, जनतेचा सहभाग असाधारण आहे आणि पक्का नौकाचालक तातडीनं नेमावा. तुळशीरामचं पूर्ण नाव स्पेलिंग विचारून लिहून घेतलं. त्या संध्याकाळी तुळशीराम घरी गेला आणि वत्सलाला म्हणाला, "भाकर वाढ. दोन वाढ."

तातडीचा हुकूम तीन वर्षांनी, अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये आला. तुळशीराम पक्का झाला. पण नौकाचालकाची जागा तलावावर मंजूर झाली नव्हती, ऑफिसात झाली होती. म्हणून त्याची नेमणूक सौंसरच्या ऑफिसच्या सिमेंट गोदामावर झाली. तलावावर बोट चालवायला माणूस उरला नाही, म्हणून त्याच महिन्यात दोन्ही बोटी दुसऱ्या जिल्ह्यात पाठवण्यात आल्या.